बांधला की बांधून घेतला? – कासेर्ताचा राजवाडा, त्याची बाग आणि त्याचे कर्ते



या व्याख्यानमालेत बोलायला आम्हांला बोलावलं, तेव्हा आम्ही तत्त्वज्ञानावर काहीतरी बोलू, अशी संयोजकांची अपेक्षा असावी. जन्मभर तेच शिकवलं. पण आज आम्ही एका राजवाड्याबद्दल बोलणार आहोत. इटलीत नेपल्सच्या उत्तरेला कासेर्ता नावाचं गाव आहे, तिथला हा राजवाडा. तत्त्वज्ञान अगदीच टाळणार नाही. ते वाटेत भेटेल.

एक खुलासा आधीच करतो. आम्ही ‘आम्ही’ म्हणतो ते मोठेपणानं नव्हे. या प्रवासात आमच्या पत्नी बरोबर होत्या. त्यांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, आम्ही कॉलेजात तत्त्वज्ञान. आज जे प्रश्न आम्ही मांडणार आहोत, त्यांतले निम्मे त्यांचे आहेत, आणि खरं सांगायचं तर चांगले तेवढे त्यांचेच आहेत.

नेपल्सहून आगगाडीनं कासेर्ताला पोचायला पाऊण तास पुरतो. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की समोर भलंमोठं मैदान आणि मैदानाच्या पलीकडे राजवाडा. पहिल्या नजरेत सौंदर्य वगैरे काही जाणवत नाही. जाणवते ती लांबी. पाव किलोमीटर लांबीची भिंत आणि तिच्यात एकसारख्या खिडक्यांच्या रांगा. खिडक्यांचा आकडा सांगतात १,७४२, खोल्या १,२००, जिने ३४, आत चार मोठे चौक. आमच्या पत्नींनी मान वर करून पाहिलं आणि त्यांच्या तोंडून पहिला उद्गार निघाला तो असा : “या खिडक्या पुसायला किती माणसं लागत असतील हो?”

आम्ही हसलो. पण पुढचा सबंध दिवस त्या प्रश्नानं आमचा पिच्छा सोडला नाही.

आधी राजवाडा का बांधला ते बघू. १७३४ साली स्पेनच्या राजाचा मुलगा चार्ल्स यानं नेपल्सचं राज्य जिंकलं. घराणं बूर्बां. म्हणजे फ्रान्सचा चौदावा लुई हा याचा खापरपणजोबा नव्हे, सख्खा पणजोबा. ज्याच्या पणजोबानं व्हर्साय उभारलं, त्याला नेपल्समधला जुना वाडा पुरेल कसा? पण केवळ हौस हे कारण नव्हतं. १७४२ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश आरमाराची जहाजं नेपल्सच्या बंदरात येऊन उभी राहिली. चालू युद्धातून अंग काढून घ्या, नाहीतर शहरावर तोफा डागतो, असा निरोप आला. राजाला मुकाट्यानं मान्य करावं लागलं. समुद्रकाठची राजधानी म्हणजे शत्रूच्या तोफेच्या तोंडी दिलेली मान, हा धडा तो त्या दिवशी शिकला. शिवाय पाठीशी व्हेसुव्हियस होताच, केव्हा पेट घेईल याचा नेम नाही. तेव्हा समुद्रापासून आत, सपाटीवर, डोंगराच्या पायथ्याशी नवी राजधानी वसवायचं ठरलं. राजवाडा, मंत्र्यांच्या कचेऱ्या, ग्रंथालय, विद्यापीठ, सगळं एका छपराखाली. १७५० मध्ये काएतानी या सरदार घराण्याकडून ही जहागीर विकत घेतली गेली.

वास्तुकार निवडला लुइजी व्हानव्हितेली. नाव इटालियन वाटतं, पण बाप डच होता. कास्पर व्हान व्हिटेल नावाचा चित्रकार रोममध्ये येऊन स्थायिक झाला आणि इटालियन जिभेनं त्याचं ‘व्हानव्हितेली’ केलं. २० जानेवारी १७५२ रोजी, राजाच्या छत्तिसाव्या वाढदिवशी, पायाचा दगड बसवला. आज राजवाड्याच्या सिंहासन-दालनात छताकडे पाहिलं तर हाच प्रसंग रंगवलेला दिसतो. सैन्याच्या तुकड्या उभ्या करून राजवाड्याची हद्द आखून दाखवली होती. म्हणजे पहिली भिंत माणसांची होती. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता ‘बरोक’ या शब्दाबद्दल दोन शब्द. व्युत्पत्तीविषयी पंडितांचे वाद आहेत, पण सर्वसाधारणपणे मूळ धरतात ते पोर्तुगीज ‘बार्रोको’, म्हणजे ओबडधोबड, वाकडा मोती. हा शब्द प्रथम नावं ठेवण्यासाठीच वापरला गेला : अति झालं, वळणं फार, सोनं फार, देखावा फार. आपल्यापैकी जे गोव्याला जाऊन जुन्या गोव्याच्या बाँ जेझू चर्चमध्ये डोकावले असतील, त्यांनी इटालियन बरोक आपल्या दारातच पाहिलेलं आहे. सेंट झेवियरची पेटी ज्या संगमरवरी चबुतऱ्यावर आहे, तो फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी या शिल्पकाराच्या हातचा. टस्कनीच्या ड्यूकनं तो पाठवला आणि १६९८ मध्ये तो गोव्यात बसवला गेला. बरोक म्हणजे नुसती नक्षी नव्हे. पाहणाऱ्याला कुठे उभं करायचं, त्याची नजर कुठून कुठे न्यायची आणि त्याला केव्हा थक्क करायचं, हे आधीच ठरवून ठेवणारी ती कला आहे. बरोक वास्तूत आपण पाहत नसतो. आपल्याला दाखवलं जात असतं.

कासेर्तात हे पहिल्या पावलापासून कळतं. मुख्य दरवाजातून आत शिरलात की एक लांबलचक कमानदार वाट सगळी इमारत भेदून जाते. त्या वाटेच्या दुसऱ्या तोंडाशी, दूर डोंगरावर, पांढरी रेघ दिसते. ती रेघ म्हणजे धबधबा. तीन किलोमीटरवरचा. दुर्बिणीच्या नळीतून पाहावं तसं. तुम्ही अजून वाड्यात पुरते शिरलेला नसता आणि बागेचं शेवटचं टोक डोळ्यांत भरलेलं असतं.

मग जिना. आमच्या आयुष्यात आम्ही बरेच जिने चढलो, कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग वीस वर्षं आमच्याकडेच होता. पण असा जिना चढलो नव्हतो. मधोमध एक रुंद पायऱ्यांची चढण, दोन्ही बाजूंना दगडी सिंह, मग चढण दुभंगते आणि दोन अंगांनी वर जाते. वर घुमट. तो घुमट दुहेरी आहे. आतल्या छताला मोठं लंबगोल भोक आणि त्याच्यावर दुसरं छत. या दोहोंच्या मधल्या जागेत वादक बसवायचे. राजा जिना चढू लागला की वरून संगीत झरू लागायचं आणि वाजवणारा कोणी दिसायचा नाही. आम्ही मधल्या टप्प्यावर थांबलो, थोडं दम लागल्यामुळे, थोडं कुतूहलानं. पत्नी म्हणाल्या, “म्हणजे वाजवणाऱ्यांना राजा दिसायचा, राजाला वाजवणारे दिसायचे नाहीत.” आम्हांला वाटतं, या राजवाड्याचं याहून थोडक्यात वर्णन करता येणार नाही.

राजवाड्यातलं नाट्यगृहही असंच. ते १७६९ मध्ये सुरू झालं. रंगमंचाची मागची भिंत उघडता येते आणि मग खरी बाग, खरी झाडं हाच पडदा होतो. नाटक कुठे संपतं आणि जग कुठे सुरू होतं, कळू नये अशी योजना. देवघर व्हर्सायच्या धर्तीवर बांधलेलं. १९४३ च्या बाँबफेकीत त्याची बरीच नासधूस झाली. नंतर ते सावरलं, पण काही खांबांवर ते घाव अजून दिसतात.

आणि आता या सगळ्यातली गंमत ऐका. ज्या राजानं हे मांडलं तो या वाड्यात एक रात्रही झोपला नाही. १७५९ साली त्याचा सावत्र भाऊ वारला आणि स्पेनची गादी चार्ल्सकडे आली. तो माद्रिदला गेला तो गेलाच. नेपल्सच्या गादीवर बसला त्याचा आठ वर्षांचा मुलगा फर्डिनंड. व्हानव्हितेली एकटा पडला. तो आपल्या भावाला रोमला पत्रं लिहीत असे. शेकडो पत्रं शिल्लक आहेत. वास्तुकाराला पैशाची आणि दरबारी राजकारणाची किती काळजी वाहावी लागते, हे त्या पत्रांवरून कळतं. मूळ आराखड्यात चार कोपऱ्यांना चार मनोरे होते, मध्यावर मोठा घुमट होता. ते कधी झालेच नाहीत. १७७३ मध्ये तोही कासेर्तातच वारला. मुलगा कार्लो यानं काम पुढे चालवलं. सिंहासन-दालन पुरं झालं ते १८४५ मध्ये, म्हणजे पायाच्या दगडानंतर ९३ वर्षांनी. आणि त्यानंतर पंधरा वर्षांत ते राज्यच संपलं! गॅरिबाल्डी आला, इटली एक झाली, सिंहासनावर बसायला कोणी उरलं नाही.

तर मंडळी, राजवाड्याच्या पाटीवर लिहिलेलं असतं : हा राजवाडा चार्ल्स राजानं बांधला. इथे आपली मराठी भाषा आपल्याला मदत करते. आपल्याकडे ‘बांधणे’ वेगळं आणि ‘बांधवणे’, ‘बांधून घेणे’ वेगळं. प्रयोजक क्रियापद. शाळेत पाठ केलेलं असतं : आई बाळाला जेवते असं म्हणत नाही, भरवते म्हणतात. पण राजांच्या बाबतीत हे व्याकरण आपण विसरतो. राजानं वाडा बांधला, राजानं तलाव खोदला. हातात कुदळ न धरता खोदला! ही चूक निव्वळ व्याकरणाची नाही.

आणि इथेच तत्त्वज्ञान भेटतं. नेपल्स ही जांबातिस्ता व्हिकोची नगरी. पुस्तकविक्रेत्याचा मुलगा, विद्यापीठात वक्तृत्वशास्त्राचा प्राध्यापक, पगार बेताचा. याच चार्ल्सनं १७३५ मध्ये त्याला दरबारी इतिहासकार नेमलं होतं. राजवाड्याचा पाया घातला गेला त्याच्या आठ वर्षं आधी, १७४४ मध्ये, तो वारला. व्हिकोचं एक सूत्र आहे. १७१० च्या आपल्या ग्रंथात त्यानं ते मांडलं. त्याचा आशय असा : सत्य आणि कृत हे एकच आहेत. जे आपण स्वतः घडवलं, तेच आपल्याला पुरतं कळू शकतं. निसर्ग ईश्वरानं घडवला, तो ईश्वरालाच पुरता कळणार. पण कायदे, भाषा, नगरं, राज्यं माणसांनी घडवली, म्हणून मानवी इतिहास माणसाला जाणता येतो. त्या काळात सगळे विद्वान गणित आणि पदार्थविज्ञान यांच्यामागे होते. तेव्हा हा मनुष्य म्हणाला की खरं शास्त्र व्हायचं तर ते इतिहासाचं होईल. आम्ही हे सूत्र अनेक वर्षं वर्गात शिकवलं, फळ्यावर लिहिलं, परीक्षेत विचारलं. कासेर्ताच्या बागेत पहिल्यांदा आम्हांला शंका आली : ‘माणसांनी घडवलं’ म्हणजे कोणत्या माणसांनी?

बागेत चला. बाग म्हणजे सुमारे १२० हेक्टर. वाड्याच्या मागच्या दारापासून डोंगरापर्यंत सरळ रेषेत पाणी. हौद, मग छोटे धबधबे, मग कारंजं, पुन्हा हौद. बस मिळते, भाड्यानं सायकल मिळते. आम्ही पायी निघालो आणि अर्ध्या वाटेत पस्तावलो. पण चाललो म्हणून दिसलं. आधी डॉल्फिनचं कारंजं, दगडी माशांच्या तोंडांतून पाणी कोसळतंय. मग वाऱ्यांचा देव एओलसचं. त्यात वाऱ्यांच्या ज्या मूर्ती योजल्या होत्या त्या सगळ्या झाल्याच नाहीत. मग धान्यदेवता सेरेस, मग व्हीनस आणि अडोनिस. आणि अगदी शेवटी, धबधब्याच्या पायाशी, डायना आणि आक्टेऑन.

ही कथा थोडक्यात सांगतो. आक्टेऑन हा शिकारी. रानात भटकताना त्यानं नकळत डायना देवीला स्नान करताना पाहिलं. देवी कोपली, तिनं त्याला हरिण करून टाकलं आणि त्याच्याच शिकारी कुत्र्यांनी त्याला फाडलं. हौदाच्या एका अंगाला देवी आणि तिच्या सख्या आहेत, दुसऱ्या अंगाला आक्टेऑन : डोकं हरणाचं झालेलं, अंग अजून माणसाचं, भोवती कुत्री. ज्या बागेचा राजा शिकारीत बुडालेला होता, फर्डिनंडला तर शिकारीपुढे राज्यकारभार नकोसा वाटे, त्या बागेच्या शेवटी शिकाऱ्याचीच शिकार! कलावंतांच्या मनात काय होतं कोण जाणे. आम्हांला त्या क्षणी एवढंच सुचलं की जे पाहू नये ते पाहिलं, तर पाहणारा पूर्वीसारखा राहत नाही.

पत्नींनी हौदात हात बुडवला आणि विचारलं, “एवढं पाणी येतं कुठून?”

सपाटीवर पाणी नव्हतं, हे खरं आहे. पाणी आणलं ते पूर्वेकडून, ताबुर्नो डोंगराच्या पायथ्याच्या फित्झो झऱ्यांपासून, ३८ किलोमीटरवरून. त्याला कारोलिनो पाटबांध म्हणतात. चार्ल्सचं नाव दिलंय. १७५३ मध्ये काम सुरू झालं. बराचसा कालवा जमिनीखालून जातो, डोंगर पोखरून बोगदे काढलेत. मध्ये माद्दालोनीजवळ दरी आडवी आली, तिच्यावर पूल बांधून पाणी पलीकडे नेलं. पूल ५२९ मीटर लांब, सुमारे ५६ मीटर उंच, कमानींच्या तीन ओळी एकावर एक. प्राचीन रोमनांच्या तोडीचं काम. ७ मे १७६२ रोजी पाणी कासेर्ताला पोचलं. तेव्हा चार्ल्स माद्रिदमध्ये होता, म्हणजे ज्याचं नाव दिलं त्यानं ते पाणी इथं येताना पाहिलंच नाही. आणि हे पाणी केवळ कारंज्यांसाठी नव्हतं. वाटेत त्यावर गिरण्या चालल्या, पुढे रेशमाचे कारखाने चालले. व्हानव्हितेलीचं खरं मोठेपण आम्हांला वाड्यापेक्षा या पाटात दिसलं.

पण हे खोदलं कोणी? गवंडी होते, पाथरवट होते, रोजंदारीचे मजूर होते. शिक्षा झालेले कैदी होते, पायांत बेड्या. आणि गुलाम होते. भूमध्य समुद्रावर पकडलेल्या जहाजांवरचे उत्तर आफ्रिकेतले मुसलमान. कागदोपत्री त्यांची नोंद गुलाम अशीच आहे. युरोपात ज्ञानोदयाचे ग्रंथ छापले जात होते त्याच वर्षांत. समुद्राच्या दुसऱ्या काठावर ख्रिस्ती कैद्यांचीही अशीच गत होती, हेही सांगायला हवं. हा व्यवहार दोन्ही बाजूंनी चाले. पण आपण उभे होतो तो हौद या माणसांच्या हातचा होता. १७६४ मध्ये तर नेपल्सच्या राज्यात भयंकर दुष्काळ पडला, हजारो माणसं भुकेनं आणि मागून आलेल्या साथीनं मेली. पाणी कासेर्ताच्या बागेत येऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती.

आता व्हिकोचं सूत्र लावून बघा. जो घडवतो तो जाणतो. मग कासेर्ता कोणाला कळलं? राजानं आज्ञा केली. त्याला आपली इच्छा तेवढी कळली. व्हानव्हितेलीनं आराखडा केला, १७५६ मध्ये तो सुंदर छापून प्रसिद्धही केला. त्याला रेषा कळल्या, पैशाची चणचण कळली. बोगद्यात घण घालणाऱ्या माणसाला खडक कळला, त्याचा कठीणपणा हाताच्या सांध्यांना कळला. पण त्या बोगद्यातलं पाणी पुढे डायनाच्या पायाशी पडणार आहे, हे त्याला कोणी सांगितलं असेल? प्रत्येकानं एक तुकडा घडवला आणि प्रत्येकाला एक तुकडा कळला. फरक एवढाच की राजाचा तुकडा संगमरवरात कोरला गेला, व्हानव्हितेलीचा पत्रांत उरला, आणि तिसरा तुकडा हजेरीपटाच्या ओळीत. आम्हांला वाटतं, व्हिको चुकला नव्हता. आम्हीच त्याला अर्धा शिकवला. घडवणाऱ्याला कळतं, हे खरं असेल तर इतिहास लिहिणाऱ्याचं पहिलं काम म्हणजे घडवणारे किती आणि कोण हे मोजणं. त्यात कोणी गळला तर सत्यातलाच तेवढा भाग गळला.

धबधब्याच्या उजव्या हाताला इंग्लिश बाग आहे. राणी मारिया कारोलिना हिच्या हौसेनं, ब्रिटिश वकील हॅमिल्टन याच्या सल्ल्यानं, १७८६ मध्ये तिची आखणी सुरू झाली. ही राणी फ्रान्सच्या मारी आंत्वानेतची सख्खी बहीण. या बागेत सरळ रेषा नाही, सगळं कसं आपोआप उगवल्यासारखं. आणि त्यात मुद्दाम बांधलेले भग्नावशेष आहेत! नव्या भिंती, पण पडक्या दिसतील अशा. त्यांत खऱ्या प्राचीन मूर्ती ठेवलेल्या. राजानं आधी पूर्णतेचा वाडा मांडला, तो अपुरा राहिला. मग राणीनं पडझड मांडली, ती मात्र तंतोतंत पुरी झाली. १७८७ च्या मार्चमध्ये जर्मन कवी गटे इथे येऊन गेला. वाड्याची भव्यता त्याला पटली, पण एवढ्या वास्तूला पुरेल इतकी माणसं तिच्यात नाहीत, हेही त्याच्या नजरेतून सुटलं नाही.

बागेच्या वायव्येला टेकडीवर सान लेऊचो आहे. तिथे जायला विसरू नका. फर्डिनंडनं तिथे रेशीम विणणाऱ्यांची वसाहत केली आणि १७८९ मध्ये तिला कायदे दिले. काय कायदे आहेत बघा : मुलामुलींना शिक्षण सक्तीचं. वारसाहक्क मुलगा-मुलगी दोघांना सारखा. हुंडा नाही. कपड्यांत श्रीमंती मिरवायची नाही. आजारी आणि म्हाताऱ्यांसाठी निधी. देवीची टोचणी सक्तीची. हुंडाबंदी १७८९ साली! आपल्याकडचा हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, आणि तो किती पाळला जातो हे इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नेपल्समध्ये त्या काळी विचारवंतांची मोठी फळी होती. जेनोव्हेसीसाठी १७५४ मध्ये अर्थशास्त्राचं अध्यासन निघालं, तशा अध्यासनांमध्ये ते युरोपातल्या पहिल्यांपैकी. फिलांजिएरीनं कायद्याच्या शास्त्रावर लिहिलेला ग्रंथ सगळ्या युरोपात वाचला गेला. त्या हवेचा हा परिणाम.

इथे आम्ही फार खूश झालो. वाटलं, चला, तत्त्वज्ञान शिकवून जगात काहीतरी होतं तर! पण इतिहास आम्हांला असा सुखानं परतू देत नाही. १७९९ मध्ये फ्रेंच सैन्याच्या आधारानं नेपल्सच्या सुशिक्षितांनी प्रजासत्ताक स्थापन केलं. सहा महिनेही टिकलं नाही. फर्डिनंड परतला आणि त्यानं फाशीचे दोर बाहेर काढले. एलेओनोरा पिमेंतेल फोन्सेका ही कवयित्री प्रजासत्ताकाचं वृत्तपत्र चालवत होती. तिला २० ऑगस्टला भर बाजारचौकात फाशी दिलं. कायदेपंडित मारियो पागानोलाही त्याच वर्षी फाशी झाली. वारसाहक्कात मुलामुलींना समान लेखणारा राजा दहा वर्षांनी विचारवंतांना फासावर चढवतो. विरोधाभास वाटतो, पण आहे का तो? सान लेऊचोतली समता राजानं ‘करून दिलेली’ होती. समता लोकांनी ‘करून घेतली’, तेव्हा ती गुन्हा ठरली. पुन्हा क्रियापदाचाच प्रश्न.

आता शेवटचा भाग. तो आमच्या घरचा आहे, म्हणून थोडं सांभाळून बोलतो.

आमचे थोरले चुलते दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर इटलीत होते. गावी परत आले, शेती केली, लढाईबद्दल फारसं कधी बोलले नाहीत. आम्हां मुलांना त्यांच्याकडून इटलीचा एकच शब्द मिळाला. शेतातून आले की ओसरीवर टेकायचे आणि हाक मारायचे, “आक्वा!” म्हणजे पाणी. आम्ही तांब्या घेऊन धावायचो आणि हसायचो. त्यांना आम्ही कधी विचारलं नाही, काका, हा शब्द कुठे शिकलात? कोणी दिलं तुम्हांला पाणी?

कासेर्ताचा राजवाडा १९४४ पासून दोस्तराष्ट्रांच्या भूमध्य आघाडीचं मुख्य ठाणं होता. १,२०० खोल्यांत अखेर माणसं भरली, पण गणवेशातली. आणि २९ एप्रिल १९४५ रोजी याच वाड्यात इटलीतल्या जर्मन फौजांच्या शरणागतीवर सह्या झाल्या. दोन जर्मन अधिकारी आले, ब्रिटिश सेनानी मॉर्गन यानं समोरून सही केली. २ मे रोजी शस्त्रं खाली ठेवली गेली.

त्या सह्यांच्या बरोबर वीस दिवस आधी, ९ एप्रिलला, उत्तरेत सेनिओ नदी ओलांडायची होती. नगर जिल्ह्यातल्या निमज गावचे नामदेव जाधव तिथे होते. जखमी सोबत्यांना त्यांनी गोळीबारात, पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून पाठीवर वाहून आणलं. मग परत जाऊन मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली आणि नदीच्या बांधावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याआधी १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या वरच्या खोऱ्यात माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे असेच एकटे पुढे गेले. त्यांचा व्हिक्टोरिया क्रॉस घरी आला, ते आले नाहीत. इटलीच्या मातीत पाच हजारांहून अधिक हिंदी जवान पडले. साम्राज्यासाठी लढले की पोटासाठी, की हुकूमशाही हटावी म्हणून, हा वाद आपण खुशाल घालावा; त्यांना विचारायला मात्र आपण उशीर केला.

आम्ही संध्याकाळी त्या लांबलचक कमानदार वाटेत उभे होतो. तिकिटाबरोबर मिळालेल्या कागदावर वाड्याच्या इतिहासाच्या तारखा होत्या. पायाचा दगड, राजा, वास्तुकार, शरणागतीची सही. पत्नींनी तो कागद वाचला आणि म्हणाल्या, “म्हणजे लढाई इथे संपली.” मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाल्या, “संपली नाही. संपवून घेतली.”

हा राजवाडा १९१९ मध्ये राजघराण्याकडून इटलीच्या सरकारकडे आला. १९९७ पासून राजवाडा, बाग, तो पाटबांध आणि सान लेऊचो ही चारही मिळून जागतिक वारसा मानली जातात. ही चौकडी आम्हांला फार समर्पक वाटते. नुसता वाडा पाहून परतलात तर राजा पाहिलात. पाटबांध पाहिलात तर हात पाहिलेत. कासेर्ताला जाणाऱ्यांना आमचं एवढंच सांगणं आहे की अर्धा दिवस वाढवा आणि माद्दालोनीच्या त्या पुलाखाली जाऊन उभे राहा. तिथे गर्दी नसते.

आणि दुसरं एक सांगणं आहे, त्यासाठी इटलीला जावं लागत नाही. घरात कोणी वडीलधारं असेल, ज्यानं काही बांधलं असेल, खोदलं असेल, कुठे लढलं असेल, तर त्यांना विचारून घ्या. आज विचारा. आम्ही तांब्या दिला आणि हसत पळून गेलो. तो एक तुकडा आता कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. अवघड असतील तर त्यांची उत्तरं आमच्या पत्नी देतील, त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत.